मसुदा क्रमांक तीन

नागपूरला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही जर्मनीत नेमकी कसली नोकरी करत होता हो?" आमच्या ओळखीतली बहुतेक मंडळी तिकडे गाड्यांच्या कारखान्यात, बँकांच्या आयटीत, नाहीतर विद्यापीठात. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातले, गार्चिंगच्या विद्यापीठातले दोन वाक्यांत आपलं काम सांगून मोकळे होतात. मी बरीच वर्षं नुसतं "ऑफिसात होते" म्हणून वेळ मारून न्यायचे. एकदा कंटाळून खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "लोक माफी मागणारी पत्रं पाठवायचे आणि माफी मिळणार नाही, असं मी त्यांना नम्रपणे कळवायचे." माझ्या वन्सं म्हणाल्या, "अगं बाई! ह्याच्यासाठी माणूस ठेवतात?"

ठेवतात. मी एकोणीस वर्षं तेच केलं. फ्रँकफर्टच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आतल्या खोलीत रब्बीसाहेब बसायचे, बाहेरच्या खोलीत मी. रब्बी म्हणजे ज्यू लोकांचे धर्मगुरू. आमचे रब्बीसाहेब लहानपणी हिटलरच्या जर्मनीतून पळालेले आणि म्हातारपणी आपण होऊन परत आलेले. ज्यू आणि जर्मन लोक पुन्हा एका टेबलाशी बसून बोलू लागावेत, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणते आहे खरी, पण त्या एवढ्याशा कामात त्यांचा जन्म गेला आणि माझा निम्मा.

मला ही नोकरी लागली ती भाषाशाळेच्या फळ्यावरची चिठ्ठी वाचून. 'टायपिंग यावं, धीर असावा' असं त्यात लिहिलं होतं. आमचे हे बँकेच्या आयटीत, मुलगी बालवाडीत, आणि घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आलेली. गेले मुलाखतीला. समोर पांढऱ्या दाढीचे, किडकिडीत गृहस्थ. माझा अर्ज वाचता वाचता जन्मगावाशी थांबले, चष्मा वर केला आणि चक्क मराठीत म्हणाले, "नागपूर? मग संत्री नाय आणलीस?"

मी खुर्चीवरून पडायची राहिले.

झालं होतं असं, की आठ वर्षांचे असताना आई त्यांना घेऊन मुंबईला आली होती. तिथे तिचा एक डॉक्टर भाऊ होता. वडील मागून येणार होते, ते आलेच नाहीत. पुढची दहा वर्षं हे मायलेक भायखळ्याला राहिले. शेजारी बेने इस्राएल कुटुंब, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरी खेळून, शाळेतल्या बाईंचा मार खाऊन हे मराठी शिकले. मग इंग्लंडला जाऊन रब्बी झाले आणि साठी उलटल्यावर जर्मनीत परतले. मराठी मात्र भायखळ्यातली, तेव्हाची, जशीच्या तशी राहिली. 'सांगतो'च्या जागी 'बोलतो', 'नाही'च्या जागी 'नाय'. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणायला लागले, कारण कागद-पेन घेऊन समोर बसलेल्या बाईमाणसाला दुसरं काय म्हणतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांना रब्बीसाहेब म्हणायचे. माझं नागपुरी "हौ" ऐकून ते खो खो हसत आणि दिवसभर स्वतःच "हौ, हौ" करत बसत.

पण तिसऱ्याच दिवशी मी नोकरी सोडली होती.

त्या दिवशी मी घरून पोहे करून नेले होते. कौतुकानं डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "नको बाई. तुझ्या भांड्यातलं मला चालत नाय."

आम्ही बौद्ध. मी ज्या वस्तीत वाढले तिथे हे वाक्य नवं नव्हतं. माझ्या आईनं ऐकलेलं, आजीनं ऐकलेलं, शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी मी स्वतः ऐकलेलं. ते पुन्हा ऐकायला मी सात समुद्र ओलांडून फ्रँकफर्टला यावं? डबा बंद केला, कोट चढवला, "जाते मी" म्हटलं आणि तीन मजले उतरून ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. ट्राम यायला आठ मिनिटं होती. पाचव्या मिनिटाला रब्बीसाहेब आले. कोट नाही, मफलर नाही, धापा टाकत.

"बाई, ऐकून घे. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, असं आमच्यात असतं. ज्या घरात ते पाळत नाय, तिथलं शिजवलेलं मी खात नाय. ह्या शहराच्या मेयरच्या घरी पण मी नुसतं पाणी पितो. त्याला तर मी कधी कारण पण बोललो नाय." मग थांबले, श्वास घेतला. "पण तुला आधी बोलायला पाहिजे होतं. मी मुंबईत राहिलेला माणूस, मला कळायला पाहिजे होतं. तुला लागलं. चूक माझी. माफ कर."

मी म्हटलं, "ठीक आहे."

"ठीक आहे नको. माफ केलं का नाय, ते नीट बोल. नाय केलं तरी चालेल, मी उद्या परत विचारीन."

त्या एका वाक्यासाठी आमच्या तीन पिढ्यांची कधी कुणी माफी मागितली नव्हती. आणि ज्याच्या मनात वावगं काही नव्हतंच, असा हा माणूस थंडीत कुडकुडत माझ्यापुढे उभा. "केलं," म्हटलं मी. ट्राम आली नि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काचेचा एक नवा कोरा वाडगा होता. "हा तुझा. ह्याच्यात पोहे भिजव, गूळ टाक, नारळ टाक, केळं टाक. शिजवायचं नाय," असा हुकूम झाला. भायखळ्याच्या शेजारघरी शुभकार्याला असा पोह्यांचा मलिदा व्हायचा म्हणे. पुढे आमच्या ऑफिसात काहीही चांगलं घडलं की त्या वाडग्यात मलिदा व्हायचा.

आता आमच्या कामाचं सांगते. रोज पंधरा-वीस पत्रं यायची आणि त्यांचे ढीग लावायचे, ही माझी सकाळ. पहिला ढीग आमंत्रणांचा: शाळा, चर्च, नगरपालिका. दुसरा शिव्यांचा. तो रब्बीसाहेब स्वतः वाचायचे आणि ज्याच्यावर पत्ता असेल त्याला उत्तरही द्यायचे. तिसरा ढीग सगळ्यात मोठा, माफीचा. कुणाचे वडील पोलिसात होते, कुणाच्या आजोबांनी शेजाऱ्यांचं दुकान बळकावलं होतं, कुणाच्या घरातला पलंग लिलावातून आलेला, आणि तो कुणाचा हे घरात सगळ्यांना माहीत. म्हातारी झालेली मुलं, नातवंडं लिहायची: आदरणीय रब्बी महाशय, आपण आम्हाला क्षमा करावी.

रब्बीसाहेब करत नसत. त्यांचा नियम सरळ होता. ज्याचा अपराध केला, माफी त्याच्याकडेच मागायची. तो मारला गेला असेल तर त्याच्या वतीनं माफ करून टाकायचा हक्क कुणालाच नाही, रब्बीला तर नाहीच. "मी काय मेलेल्यांचा वकील हाय?" म्हणायचे. पण पत्र लिहिणाऱ्याला झिडकारायचे नाहीत. "मला क्षमा करता येत नाही, पण तुमच्याशी बोलता येतं, तुम्ही या," अशा अर्थाचं उत्तर आम्ही तयार करून ठेवलं होतं. सगळ्या उत्तरांचे मसुदे कॉम्प्युटरमध्ये असायचे. हा होता मसुदा क्रमांक तीन. नाव आणि पत्ता बदलायचा, छापायचं, शुक्रवारी दुपारी, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस सुरू व्हायच्या आधी, गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचा. ते भराभर सह्या करायचे. गठ्ठा वाचत बसायला वेळ नसायचा, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

उत्तर वाचून खरंच भेटायला येणारे असायचे. एक निवृत्त शाळामास्तर आले होते. वडील पोलिसात. रडले बिचारे. रब्बीसाहेबांनी रडू दिलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, "बुधवारी सकाळी तुम्हाला वेळ असतो का?" जर्मनीत कबरीची जागा ठरावीक वर्षांपुरती मिळते, मुदत संपली की मोकळी करतात. ज्यूंची कबर मात्र कायमची. पण जिथे वारसच उरले नाहीत तिथे झाडझुडूप माजणारच. मास्तर आपल्यासारखेच चार-पाच निवृत्त मित्र जमवून एका जुन्या ज्यू कब्रस्तानात दर बुधवारी साफसफाई करायला लागले.

महिन्याभरानं आम्ही बघायला गेलो. कब्रस्तान कसं लख्ख! मास्तर अभिमानानं उभे. रब्बीसाहेबांनी एकदा सगळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ज्यू लोक कबरीवर फूल वाहत नाहीत, लहानसा दगड ठेवतात, कुणीतरी येऊन गेल्याची खूण म्हणून. कुठून कुठून, अमेरिकेहून आलेल्या नातवंडांनी ठेवलेले दगड होते ते. ह्या भल्या माणसांनी ते सगळे कचरा समजून उचलले होते! मास्तरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकदम म्हणाले, "म्हणजे... टाकलेले नाहीत!" शेडमध्ये घेऊन गेले. तिथे ओळीनं डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: रांग अमुक, कबर तमुक, नैसर्गिक दगड, इतके नग. नगरपालिकेच्या कचरा केंद्रात वर्गवारी करून द्यायचे म्हणून ठेवले होते. रब्बीसाहेब डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "बाई, ह्याच शिस्तीनं हिटलरच्या लोकांनी आमची यादी केली होती बघ. आणि आज ह्याच शिस्तीनं दगड परत मिळाले," असं मला मराठीत म्हणाले. दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक दगड जागच्या जागी ठेवला. मास्तरांचा बुधवार पुढे कधी चुकला नाही.

असे अख्ख्या जर्मनीत हिंडले रब्बीसाहेब. शाळा म्हणू नका, तुरुंग म्हणू नका. फक्त एका गावी गेले नाहीत, स्वतःच्या. फ्रँकफर्टपासून गाडीनं सव्वा तास. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या नगरपालिकेचं आमंत्रण दरवर्षी यायचं आणि दरवर्षी ते म्हणायचे, "जमत नाय, लिही." कारण विचारायची माझी छाती नव्हती.

आता माझी करणी सांगते. इतकी वर्षं घर-ऑफिसाबाहेर कुणाला सांगितली नव्हती.

माफीच्या ढिगात अधूनमधून जुन्या लिपीतली पत्रं यायची. युद्धापूर्वी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांचं हस्ताक्षर वेगळंच असतं. नुसती टोकदार खाली-वर रेघ, अक्षर म्हणून ओळखू येत नाही. आजकालच्या जर्मनांनाही ते वाचता येत नाही. मला कुठून येणार? पण मी पडले हुशार! परीक्षेत पहिली आलेली, तीन वर्षांत फडाफड जर्मन बोलणारी. "मला हे वाचता येत नाही" असं रब्बीसाहेबांपुढे म्हणायची मला लाज वाटायची. मग काय करायचे? पाकिटाच्या मागे शिक्क्यात छापलेला नाव-पत्ता असायचा, तो घ्यायचे. पत्र म्हाताऱ्या माणसाचं आहे, म्हणजे माफीचंच असणार. मसुदा क्रमांक तीन. शुक्रवारी सही. काम संपलं.

एका बाईंचं असं पत्र सप्टेंबरात आलं. पुढच्या सप्टेंबरात पुन्हा. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात पुन्हा. तिन्ही वेळा मी मसुदा तीन पाठवला. तिसऱ्यांदा तर मनात आलंसुद्धा, काय चिवट बाई आहे! चौथ्या वर्षी पत्र आलं नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी उपरती झाली आणि मी जुनी लिपी शिकायचा वर्ग लावला. शनिवारी सकाळी, कारण शनिवारी आमचं ऑफिस बंद. वर्गात सगळे पेन्शनर, आजोबांची पत्रं वाचायला आलेले. सर म्हणाले, सरावाला घरचं एखादं पत्र आणा. माझ्या घरी कुठलं आलंय जर्मन आजोबांचं पत्र? मी फाइलमधलं एक काढून घरी आणलं. त्याच चिवट बाईंचं, पहिलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक अक्षर लावत होते. पहिल्याच ओळीत अडखळले. सगळे लोक 'आदरणीय रब्बी महाशय' लिहितात. इथे 'प्रिय हान्स' होतं. हान्स हे रब्बीसाहेबांचं घरातलं नाव. ते मला ठाऊक होतं, कारण त्यांचे कागद मीच सांभाळायचे. पुढचं वाचायला दोन दिवस लागले. मी शेजारच्या घरातली आन्नेलीज, असं लिहिलं होतं. तू जायच्या आदल्या दिवशी आमच्या दाराशी आलास, तीनदा मला हाक मारलीस, आणि मी दाराच्या मागेच उभी होते, असं लिहिलं होतं. आईनं दार उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण "आन्नेलीज घरी नाही" हे आतून ओरडले ती मीच. आईनं तसं सांगितलं नव्हतं. तू माझा आवाज ओळखला असशील. आता मी म्हातारी झाले. तुझ्याशिवाय कुणाकडे माफी मागू?

आणि या पत्राला, हान्सच्या सहीनिशी, मी काय उत्तर पाठवलं होतं? 'ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार मला नाही.' एकदा नाही, तीनदा!

मी डोकं धरून बसले. मुलगी तेव्हा कॉलेजात. मी मराठीत सगळं सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं, की ममा, त्याला किती वर्षं झाली, आता बोलून उपयोग काय? ह्यांना म्हटलं, "अहो, फाइलमध्ये परत ठेवून देऊ का? कुणाला कळणार आहे?" हे म्हणाले, "ठेव. पण मग तुला झोप लागेल का ते बघ." माणूस कमी बोलतो, पण बोलतो ते असं.

सोमवारी गेले आणि पत्र रब्बीसाहेबांपुढे ठेवलं. सगळं सांगितलं. लिपी येत नव्हती, लाज वाटली, न वाचताच उत्तरं पाठवली. म्हटलं, "मला माफ करा."

त्यांनी पत्र वाचलं. त्यांना ती लिपी सहज येत होती, शाळेत तीच शिकले होते. वाचून झाल्यावर त्याची नीट घडी घातली. मी उभीच.

"माझी माफी कशाला मागतेस?" म्हणाले. "तू माझं काय केलंस? सही मी केली. न वाचता. तुझा अपराध आन्नेलीजचा. तिला फोन लाव. तुझी माफी तू माग."

म्हणजे त्यांचा नियम मलाही सुटला नव्हता.

मग त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. गावी का जात नाहीत ते. "आवाज ओळखला होता मी. आधी मला वाटलं, घरात नसेल, शाळेतून यायची असेल. पण ती स्वतःच बोलली, घरी नाय म्हणून. माझी स्लेज, बर्फावरची घसरगाडी, तिला द्यायला नेली होती, मुंबईला बर्फ नसतं असं आई बोलली म्हणून. ती दाराशी ठेवून परत आलो. बाई, लोकांनी माझ्या बापाला मारलं, आणि मी त्या लोकांशी बोलतो, जेवतो, त्यांच्या पोरांना शिकवतो. पण त्या एका दारावर जायची मला हिंमत नाय झाली. परत बेल मारली आणि परत तेच ऐकायला आलं तर?" मग म्हणाले, "तुला असं कधी कुणी बोललं? घरी नाय म्हणून?"

"नाही," म्हटलं. "मैत्रीण घरीच असायची. आमच्यासाठी 'तू बाहेर थांब, ती येईल' असं असायचं."

त्यांनी मान हलवली. मग अचानक बोटं मोजायला लागले. "तीन पत्रं ना? तीन वर्षं?" आणि उठूनच उभे राहिले. त्यांच्यात असं आहे, की ज्याचा अपराध झाला त्याच्याकडे माणसानं तीनदा माफी मागायची. तीनदा मागूनही त्यानं नाकारलं, तर मागणारा सुटला आणि दोष नाकारणाऱ्याकडे गेला. नाकारणारे कोण, तर आमचे रब्बीसाहेब! "अख्ख्या देशाला मी हे शिकवत फिरतो, आणि तीनदा नाय बोललो मीच! आता मला जायला पाहिजे, बाई. ती जिवंत हाय का, ते बघ आधी."

आन्नेलीजबाई तेव्हा ऐंशीला आलेल्या. पत्राला पाच-सहा वर्षं झालेली. गेल्या असतील, तर रब्बीसाहेबांच्या डोक्यावर हे ओझं मी कायमचं ठेवलेलं असणार होतं. नंबर शोधला, फिरवला. घंटा वाजत राहिली. आठव्या की नवव्या घंटेला कुणीतरी उचललं. बारीक, वयस्क आवाज.

मी एका दमात सगळं सांगितलं. पत्रांना मी न वाचताच उत्तरं दिली, रब्बीसाहेबांनी ती पाहिलीच नव्हती, चूक सगळी माझी, मला माफ करा. त्या म्हणाल्या, "उत्तरं फार सभ्य होती हो. मला वाटलं, त्याचं बरोबरच आहे." मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "बरोब्बर तीनदा लिहिलं होतं मी. तो रेडिओवर सांगत होता ना, तीनदा मागावी म्हणून." आणि मग, "तुम्हाला केलं माफ. तो येतोय का?"

पुढच्या मंगळवारी आम्ही निघालो. गाडीत रब्बीसाहेब बरे बोलत होते, पण स्टेशन जवळ यायला लागलं तसे कोटाची बटणं लावत-काढत बसले. काय खाऊ घालू म्हणून आन्नेलीजबाईंनी फोन करून मला विचारलं होतं. मी सांगितलं होतं, न कापलेली सफरचंदं आणि काचेच्या ग्लासात पाणी, बाकी काही नको. स्टेशनवरून गल्लीत शिरलो तेव्हा मला रस्ता विचारावा लागला नाही. म्हातारा झपाझप पुढे आणि मी मागे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सोडलेलं गाव, पण वळणं पायांना पाठ होती. एका घरासमोर थांबले, ते त्यांचं. त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. शेजारच्या दाराच्या तीन पायऱ्या चढले.

मी पायऱ्यांखालीच थांबले. म्हटलं, हे त्या दोघांचं आहे.

त्यांनी बेल वाजवली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि थांबली. दार काही उघडेना. त्या दारामागेच उभ्या होत्या, हे मला बाहेरूनही कळत होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर आला आणि बाईंचा हात कडीपर्यंत जाईना. रब्बीसाहेबांची पाठ मला दिसत होती. खांदे वर गेलेले, आखडलेले. मला वाटलं, आता हे वळणार आणि पायऱ्या उतरणार.

त्यांनी टोपी सारखी केली आणि हाक मारली, "आन्नेलीज घरी आहे का?" जर्मनमध्येच, पण आवाज असा, की गल्लीत खेळायला बोलावायला आलेत.

आत काही नाही.

"आन्नेलीज घरी आहे का?"

आतून एक हुंदका आला. मी पायरीचा कठडा घट्ट धरला.

"आन्नेलीज..."

"या! या!" आतून आवाज आला. तिकडे होकाराला 'या' म्हणतात. "आहे! घरी आहे. मी घरी आहे, हान्स."

दार उघडलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई, दोन्ही हात पुढे केलेल्या. मागे, बोळातल्या भिंतीला टेकवून लाकडी स्लेज ठेवली होती. त्यांनी काही म्हणायच्या आत रब्बीसाहेब म्हणाले, "तू नको मागूस. तुझं तीनदा मागून झालंय. आता माझी पाळी. मला माफ कर." मग त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि लहान मुलांसारखे मोठमोठ्यानं रडले.

पुढे रब्बीसाहेब असेपर्यंत दर शुक्रवारी सकाळी मी आन्नेलीजबाईंचा नंबर लावून द्यायचे आणि आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी काचेच्या वाडग्यात मी मलिदा केला, हे सांगायला नकोच. मसुदा क्रमांक तीन मी कॉम्प्युटरमधून काढून टाकला. तेव्हापासून प्रत्येक पत्राला वाचून, वेगळं उत्तर लिहिलं, मग शुक्रवारी कितीही उशीर होवो. रब्बीसाहेब सहीपूर्वी प्रत्येक पत्र वाचायला लागले. इतक्या उशिरा सुचलं आम्हाला हे. कुणाकुणाला आणखी असं न वाचता उत्तर गेलं असेल, हा सल मला आहे आणि राहील.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. ते दोघं दारात होते आणि मी खाली पायऱ्यांशी, हातात रब्बीसाहेबांची पिशवी. उगाच वाटेत नको म्हणून आणखी दोन पावलं मागे सरकले. जुनी सवय. रब्बीसाहेबांनी डोळे पुसले, दारातून मागे वळून पाहिलं आणि भायखळ्याच्या मराठीत ओरडले, "बाई! तू बाहेर काय करतेस? आत ये."

मी पायऱ्या चढून आत गेले.